वाचकांचे प्रश्न : सोडा, व्हिनेगर आणि फसफस संपल्यावर उरलेलं पाणी

मागच्या अंकात एक सोपा प्रयोग दिला होता. बाटलीत व्हिनेगर, फुग्यात खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर बसवायचा आणि उभा धरायचा, सोडा खाली पडला की फुगा आपोआप फुगतो. करून बघा आणि काय झालं ते कळवा असं लिहिलं होतं, आणि तुम्ही भरभरून कळवलंत. पत्रं वाचताना लक्षात आलं की निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, कुठलं किती घ्यायचं आणि शेवटी भांड्यात काय उरतं. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, फेस तर सगळेच बघतात, म्हणून त्याला जास्त जागा दिलीय, बाकीची उत्तरं थोडक्यात आहेत.

प्रश्न : ताई, मुलगा सातवीत आहे, सायन्स एक्झिबिशनसाठी ज्वालामुखी करतोय. चार चमचे सोडा टाकला, वरून अर्धी वाटी व्हिनेगर ओतलं, दोन सेकंद फस्स झालं आणि बंद. खाली सोडा तसाच पांढरा बसलेला. सोडा जुना झालाय का? दुसरा आणू का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नका आणू, तुमचा सोडा ठणठणीत आहे, व्हिनेगर कमी पडलं. सोडा आणि ॲसिड एकमेकांना ठरलेल्या प्रमाणातच लागतात, त्यात आपली मर्जी चालत नाही. ८४ ग्रॅम सोडा असेल तर त्याला ६० ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागतं, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही. आता घरातली व्हिनेगरची बाटली हातात घ्या आणि लेबल वाचा, आपल्याकडच्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक ॲसिड साधारण ४ टक्के असतं, उरलेलं जवळपास सगळं पाणी. चहाचा एक सपाट चमचा सोडा भरतो जवळपास ५ ग्रॅम, त्याला लागणार साडेतीन ग्रॅमच्या आसपास ॲसिड, आणि एवढं ॲसिड मिळायला व्हिनेगर लागतं ९० मिली. म्हणजे तुमच्या चार चमच्यांना साडेतीनशे मिली हवं होतं आणि तुम्ही घातलं अर्धी वाटी. ॲसिड संपलं, सोडा बसून राहिला.

हे पडताळून बघायला काही लागत नाही. फेस पूर्ण बसला की भांड्यातलं थोडं पाणी दोन ग्लासात वेगळं काढा, एकात चिमूटभर सोडा टाका आणि दुसऱ्यात व्हिनेगरचे चार थेंब. सोडा टाकल्यावर बुडबुडे आले तर ॲसिड उरलं होतं, व्हिनेगर टाकल्यावर आले तर सोडा उरला होता, आणि दोन्हीकडे काहीच झालं नाही तर तुमचं माप बरोब्बर जमलं. माझं मत विचाराल तर ज्वालामुखीपेक्षा मुलाला ही चाचणी टेबलावर मांडून करू दे, परीक्षक थांबतील आणि विचारतील.

आणि एक पाऊल पुढे जायचं असेल तर सारख्या पाच बाटल्या घ्या, प्रत्येकीत ५० मिली व्हिनेगर, आणि फुग्यात सोडा मात्र वाढत्या मापाने, पाव चमचा, अर्धा, पाऊण, एक, दोन. सगळे फुगे एकाच पाकिटातले घ्या आणि आधी एकदा तोंडाने फुगवून सैल करून घ्या. पहिले दोन फुगे वाढत जातील आणि पाऊण चमच्याच्या पुढे फुगा वाढायचं थांबेल, दोन चमचे टाकले तरी तेवढाच, कारण ५० मिली व्हिनेगरला अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त सोडा पुरतो. जे आधी संपतं ते प्रयोग थांबवतं, अकरावी-बारावीला मुलं हेच मोठ्या नावाने शिकतात पण सातवीच्या मुलाला पाच फुगे बघून चटकन कळतं. फक्त मोजताना एक काळजी घ्या. शिलाईच्या टेपने फुग्याचा घेर मोजला तर गॅस दुप्पट झाला तरी घेर दुप्पट होत नाही, साधारण सव्वापटच होतो, कारण फुगा सगळ्या बाजूंनी वाढतो. खूप मुलं इथे निराश होतात की आमचा प्रयोग चुकला. चुकलेला नसतो. घेरावरून आकारमान काढायचं सूत्र वरच्या वर्गातल्या कुणाकडून तरी समजून घ्या आणि मग तक्ता भरा.

राहिला ज्वालामुखी, तर लाव्हा हळूहळू वाहायला हवा असेल तर व्हिनेगरमध्ये भांडी घासायच्या लिक्विडचा एक छोटा चमचा घाला आणि सोडा टिश्यू पेपरच्या पुडीत बांधून टाका. साबणामुळे गॅस फेसात अडकतो आणि पुडीमुळे सोडा एकदम न मिसळता थोडा थोडा मिसळतो.

प्रश्न : मी नववीत आहे. आमच्या सरांनी शिकवलं की ॲसिड आणि बेस एकत्र आले की उष्णता बाहेर पडते. पण बाटली हाताला गार लागली. मग पुस्तक बरोबर की बाटली? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि तू हात लावून बघितलंस याचं मला फार कौतुक वाटलं, कारण शंभरातले नव्वद जण फुग्याकडे बघत राहतात आणि बाटलीकडे लक्षच जात नाही.

सरांनी जे सांगितलं ते कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडसारख्या जोडीबद्दल अगदी खरं आहे, तिथे भांडं गरम होतं. खायचा सोडा वेगळा पडतो. एक तर हा सोडा नुसत्या पाण्यात विरघळतानाच थोडी उष्णता ओढून घेतो, ग्लासभर पाण्यात दोन चमचे ढवळून थर्मामीटर लावलास तरी पारा उतरलेला दिसेल. आणि दुसरं म्हणजे ॲसिडशी गाठ पडल्यावर कार्बोनिक ॲसिड तयार होतं, ते तिथल्या तिथे तुटून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतो आणि हा गॅस द्रवातून सुटून बाहेर पडताना आणखी उष्णता घेतो. सगळं मिळून हिशोब उष्णता घेण्याच्या बाजूला जातो. ९० मिली व्हिनेगर आणि एक चमचा सोडा घेतलास तर तापमान साधारण ४ ते ५ अंशांनी खाली येतं. प्लॅस्टिकच्या पातळ कपापेक्षा थर्माकोलच्या कपात कर, बाहेरची गरमी आत येत नाही आणि फरक नीट दिसतो. ताप मोजायचा थर्मामीटर मात्र वापरू नकोस, तो ३५ अंशांच्या खालचं दाखवतच नाही, शाळेच्या लॅबमधला माग.

आता तुझ्या डोक्यात पुढचा प्रश्न येईलच, की उष्णता घ्यावी लागते तर मग ही क्रिया आपण न तापवता, आपोआप का होते? कारण फक्त उष्णतेवर सगळं ठरत नाही. सुरुवातीला होतं एक घन आणि एक द्रव, शेवटी झाला मोकळा गॅस, जो खोलीभर कुठेही फिरू शकतो. कण असे मोकळे होण्याकडे निसर्गाचा कल असतो आणि इथे तो कल उष्णतेच्या खर्चाला पुरून उरतो. अशा उष्णता घेणाऱ्या क्रियेला ऊष्माग्राही म्हणतात, पुस्तकात हा शब्द भेटला की त्याच्या शेजारी पेन्सिलने या प्रयोगाचं नाव लिहून ठेव.

प्रश्न : फुगा फुगला पण सोडल्यावर वर गेला नाही, सरळ खाली पडला. (दोघे भाऊ, बार्शी)

उत्तर : तो खालीच पडणार. एक लिटर हवेचं वजन खोलीच्या तापमानाला साधारण १.२ ग्रॅम आणि तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडचं १.८ ग्रॅम, म्हणजे दीडपट जड. जत्रेतले वर जाणारे फुगे हलक्या गॅसचे असतात. उलट या जडपणाचाच एक सुंदर प्रयोग होतो, मोठ्या जगमध्ये सोडा-व्हिनेगर मिसळा, फेस बसू द्या, आणि मग द्रव न सांडता जग नुसता पेटत्या पणतीवर तिरका करा, पाणी ओततो तसा. दिसत काहीच नाही पण पणती विझते. घरातलं मोठं माणूस जवळ हवं, आणि खिडकीचा वारा बंद, नाहीतर कोणी विझवली तेच कळणार नाही.

प्रश्न : बाटलीला घट्ट झाकण लावून हलवलं तर काय होईल? मित्र म्हणतो रॉकेट होतं. (इयत्ता आठवी, जळगाव)

उत्तर : करू नकोस, आणि मित्रालाही करू देऊ नकोस. एक चमचा सोड्यातून जवळपास दीड लिटर गॅस निघतो. अर्धा लिटरच्या बाटलीत शंभर मिली द्रव असेल तर गॅसला जागा उरते चारशे मिली. एवढ्या जागेत तो कोंबला गेला की आतला दाब कारच्या टायरमधल्या दाबापेक्षा जास्त होतो, आणि हे फक्त एका चमच्याचं गणित आहे, मुलं तर मूठभर टाकतात. झाकण उडून डोळ्याला लागलं तर डोळा जाऊ शकतो, काचेची बाटली असेल तर तुकडे. फुगा लावतो तो याचसाठी, तो ताणतो आणि फार तर निसटतो. इथे मी कुठलीही सूट देणार नाही, झाकण लावायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्न : चुन्याच्या निवळीत गॅस सोडला तर ती आधी दुधाळ झाली आणि नंतर परत स्वच्छ झाली. पुस्तकात फक्त दुधाळ होते एवढंच आहे. (एक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, तुमच्या वर्गाने पुस्तकापेक्षा जास्त वेळ नळी धरून ठेवली म्हणून पुढचा अंक दिसला! निवळीतला चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, ते पाण्यात विरघळत नाही म्हणून पाणी दुधाळ. गॅस येतच राहिला की तेच कार्बोनेट, पाणी आणि जास्तीचा गॅस मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट बनतं आणि ते विरघळतं, म्हणून पाणी परत स्वच्छ. हे स्वच्छ झालेलं पाणी टेस्टट्यूबमध्ये उकळून दाखवा, गॅस निघून जातो आणि पुन्हा दुधाळपणा येतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो तो असाच येतो, आणि मुलांना दुष्फेन, म्हणजे साबणाला नीट फेस न येणारं, पाणी शिकवायला याच्याइतकं चांगलं निमित्त नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. फसफस जोरात असेल तर नळीतून व्हिनेगरचा फेससुद्धा निवळीत जातो आणि मग ॲसिडनेच कार्बोनेट विरघळून पाणी स्वच्छ होतं, ते कारण वेगळं. उकळून परत दुधाळ झालं तर गॅसचं काम, नाही झालं तर व्हिनेगर शिरलं असं समजा. मध्ये एक रिकामी बाटली जोडली की फेस तिथेच अडकतो. बाकीच्यांसाठी सांगते, निवळीसाठी पानाच्या टपरीवरचा चुना चालतो, नखाएवढा चुना ग्लासभर पाण्यात ढवळून, झाकून, रात्रभर ठेवायचा आणि वरचं नितळ पाणी अलगद काढून घ्यायचं. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, चष्मा लावूनच करा, आणि चुन्याचा हात डोळ्याला लावू नका.

प्रश्न : ढोकळा केला, फुलला छान, पण कापल्यावर आत लाल ठिपके! पाहुण्यांसमोर ठेवायला लाज वाटली. बेसनात काही भेसळ आहे का? (ठाणे)

उत्तर : भेसळ वगैरे काही नाही, तुमच्या ढोकळ्यात रसायनशास्त्राचा धडा उघडा पडलाय एवढंच. हळद ॲसिडमध्ये पिवळीच राहते आणि अल्कलीत, म्हणजे सोडा, साबण, चुना अशा ॲसिडच्या उलट वागणाऱ्या पदार्थात गेली की लालसर तपकिरी होते. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो ना, तेच. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीवर चुना, लिंबाचा रस अशी प्रक्रिया करूनच करायचे. तुमच्या पिठात सोड्याची गुठळी राहिली, तिच्या आजूबाजूला आंबटपणा पुरला नाही, तिथली हळद लाल झाली. सोडा एकसारखा मिसळला असता तर ठिपक्यांऐवजी फार तर सगळा ढोकळा जरा तांबूस झाला असता, आणि प्रमाण बरोबर असतं तर तेही नाही.

उपाय सोपा आहे, सोडा चाळून घ्या किंवा चमचाभर पाण्यात विरघळवून घाला, हळद अगदी कमी टाका, आणि आंबटपणा पुरेसा ठेवा, दही आंबट नसेल तर लिंबू पिळा. एका रसदार लिंबाच्या रसाला अर्ध्या चमच्याहूनही कमी सोडा पुरतो हे लक्षात ठेवा, बायका सर्रास लिंबू अर्धं आणि सोडा चमचाभर असं करतात आणि मग साबणासारखी चव लागते. ती चव येते कशी तेही बघा. सोड्याला आंबट मिळालं तर त्यातला सगळा गॅस निघतो. आंबट नाही मिळालं तर वाफेच्या उष्णतेने सोडा स्वतःच फुटतो, पण तेव्हा गॅस निघतो निम्माच, आणि मागे उरतो धुण्याचा सोडा, कपड्यांना वापरतो तो. म्हणजे फुलायचं कमी आणि चव बिघडायची जास्त, दोन्हीकडून तोटा.

इनो टाकल्यावर असं का होत नाही असं तुम्ही पुढे विचारलंय. त्याच्या पुडीवर स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल अशी नावं असतात, म्हणजे आपला सोडा आणि लिंबातलं सायट्रिक ॲसिड, दोन्ही आतच, त्यामुळे दह्यावर अवलंबून राहावं लागत नाही. कोरडे असतात तोवर दोघं शेजारी शेजारी गुपचूप बसतात, पाणी लागलं की सुरू. म्हणूनच पीठ आधी तयार, पाणी आधी उकळलेलं, ताटली आधी तेल लावलेली, आणि सगळ्यात शेवटी इनो घालून एकाच दिशेने भरभर ढवळून लगेच वाफेला. पाच मिनिटं फोन घ्यायला गेलात की गॅस गेला. बेकिंग पावडरचंही तत्त्व तेच, सोडा, कोरडं ॲसिड आणि त्यांना कोरडं ठेवायला कॉर्नफ्लोअर. पुडी दमट झाली असेल तर आतली क्रिया आधीच होऊन गेलेली असते, गरम पाण्यात अर्धा चमचा टाकून बघा, फसफसली नाही तर फेकून द्या.

प्रश्न : तुम्ही लिहिलं होतं की खडूवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. आमच्या खडूवर काहीच आलं नाही. पण किचनच्या काळ्या ओट्यावर लिंबू सांडलं तिथे मात्र पांढरट डाग पडला आणि घासून जात नाही. दोन्हीचा संबंध आहे का? (सोलापूर)

उत्तर : संबंध आहे, आणि फार छान पकडलात. ज्या खडूत कॅल्शियम कार्बोनेट असतं तो फसफसतो, पण फळ्याचे बरेचसे खडू जिप्समचे असतात, त्याच्यातून सुटायला कार्बन डायऑक्साइडच नाही, मग बुडबुडे कुठून येणार. अंड्याचं कवच घ्या, शिंपला घ्या, तिथे नक्की दिसेल.

आणि तुमचा ओटा कडप्प्याचा आहे. कडप्पा काय, शहाबादी काय, कोटा काय, संगमरवर काय, सगळ्यांत मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच. लिंबाने तिथला पॉलिश केलेला थर खाल्ला, दगड खडबडीत झाला आणि म्हणून पांढरट दिसतो. हा वर बसलेला डाग नाही, तिथला दगडच गेलाय, मग घासून जाणार कसा, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल. ग्रॅनाइटला लिंबाने असं होत नाही, आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, पाटा-वरवंट्याचा, त्यालाही नाही. घरात कुठला दगड आहे माहीत नसेल तर कोपऱ्यात, जिथे दिसणार नाही तिथे व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे आले की समजा चुनखडीच्या घराण्यातला. बाथरूममध्ये शहाबादी असेल तर टॉयलेट क्लीनरची बाटली तिथे उघडी ठेवू नका, त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड लिंबापेक्षा कितीतरी तिखट.

प्रश्न : सिंकमध्ये सोडा टाकून वर व्हिनेगर ओतलं की पाइप साफ होतो असे व्हिडिओ फिरतात. मी दर रविवारी करते. बरोबर ना? (पुणे)

उत्तर : फेस बघून समाधान वाटतं हे खरं, पण ताई, थोडा विचार करा, फेस संपल्यावर पाइपात काय राहिलं? दोघांनी एकमेकांना संपवलं, राहिलं सोडियम ॲसिटेट नावाचं साधं मीठ आणि पाणी. ॲसिडची धार गेली, सोड्याचीही गेली. बुडबुड्यांच्या ढकलण्याने वरवरचा सैल कचरा हलत असेल तेवढाच फायदा, चिकटून बसलेल्या तेलाचं त्याने काही होत नाही.

दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, फक्त वेगवेगळ्या वापरा. तेलकट, करपलेलं भांडं असेल तर सोडा आणि गरम पाणी, घासायला सोड्याचे कणही मदत करतात. नळावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर नुसतं व्हिनेगर, फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा, तो थर कॅल्शियमचाच असतो आणि ॲसिडने सुटतो. सिंकला मात्र खाली जाळी बसवा आणि तेल ओतू नका. आणि हे ठळक अक्षरात समजा, व्हिनेगर असो, लिंबू असो, टॉयलेट क्लीनर असो, कुठलंही ॲसिड ब्लीचमध्ये मिसळायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवा, त्या बिचाऱ्या दोन बाटल्या एकत्र केल्या की जास्त स्वच्छ होईल या समजुतीने करतात.

प्रश्न : आम्ही लोणारला राहतो. सरोवराचं पाणी खारं आणि सोड्यासारखं आहे म्हणतात. त्यात लिंबू पिळलं तर फसफसेल का? (बुलढाणा जिल्हा)

उत्तर : काय सुंदर प्रश्न आहे! लोणारचं पाणी खरंच अल्कली आहे, त्याचा पीएच, म्हणजे ॲसिड की अल्कली ते सांगणारा आकडा, १० च्या आसपास असतो (शुद्ध पाण्याचा ७), आणि त्यात सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट दोन्ही आहेत, शिवाय साधं मीठही. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर जमलेले क्षार गोळा करायचे. त्यामुळे ॲसिड घातल्यावर गॅस सुटणारच, पण चमचाभर सोड्यासारखा फेस येईल अशी अपेक्षा ठेवू नका, पाण्यात विरघळलेल्या क्षाराचं प्रमाण त्यामानाने कमी असतं. सुरुवातीच्या थेंबांना तर काहीच दिसणार नाही, कारण आधी कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं आणि तोवर गॅस सुटतच नाही, त्याच्यापुढे ॲसिड पडत गेलं की मग बारीक बुडबुडे.

पण सरोवरातून पाणी काढू नका. तो अभयारण्याचा भाग आहे आणि २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं, तुम्ही बघितलंच असेल, ते मीठ सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. तिथलं सगळं जीवन त्या क्षारांवर बेतलेलं आहे. घरी धुण्याचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवा, थोडं मीठ घाला, गोकर्णीची दोन-तीन निळी फुलं गरम पाण्यात भिजवून तो रंग त्यात टाका, हिरवट झाक येईल, आणि मग लिंबू थेंब थेंब पिळत जा. हिरवं, निळं, जांभळं असा रंग सरकत जाईल आणि बुडबुडे कुठल्या रंगाला सुरू होतात ते वहीत लिहा. मला कळवाल तर पुढच्या वेळी छापू.

प्रश्न : प्रयोग झाल्यावर उरलेलं पाणी आम्ही ओतून देतो. त्याचं काही करता येतं का? मुलांना सुट्टी आहे, मोठा प्रयोग सांगा. (न्यू जर्सी)

उत्तर : याची वाटच बघत होते. त्या पाण्यात सोडियम ॲसिटेट आहे आणि त्याच्यापासून गरम बर्फ म्हणतात तो करता येतो. तुमच्याकडचं व्हिनेगर बहुतेक ५ टक्क्यांचं असेल, एक लिटर घ्या, मोठ्या पातेल्यात, आणि त्यात सोडा थोडा थोडा घाला, एकदम घातलात तर सगळं गॅसवर उतू जाईल. एकूण ७० ग्रॅमच्या आसपास सोडा लागेल. फसफस पूर्ण थांबली की व्हिनेगरचा आणखी एक चमचा घालायचा, म्हणजे सोडा शिल्लक राहत नाही. मग मंद आचेवर आटवत बसायचं, खिडकी उघडी ठेवून, कारण वास येतो, आणि वेळ भरपूर लागतो, एक लिटरचा जवळपास नववा-दहावा हिस्सा उरेपर्यंत. कडेला पांढरी साय धरायला लागली की आच बंद, पाणी स्वच्छ काचेच्या भांड्यात ओता, कडेचे पांढरे कण आत पडू देऊ नका, चमचाभर गरम पाणी घालून ढवळा, झाका आणि न हलवता फ्रीजमध्ये गार करा.

गार झाल्यावर ते द्रवच राहतं, खरं तर त्याने ५८ अंशाच्या खालीच घट्ट व्हायला हवं होतं, पण सुरुवात करून द्यायला एकही स्फटिक नसतो म्हणून अडकून बसतं. पातेल्याच्या कडेचा खरवडलेला एक कण त्यात टाका. त्या कणापासून पांढऱ्या सुया पसरत जातात आणि काही सेकंदात सगळं भांडं घट्ट होतं, आणि हात लावून बघा, गरम! दाबल्यावर गरम होणाऱ्या हीट पॅकमध्ये हाच पदार्थ असतो. एक लिटर व्हिनेगरमधून साधारण शंभर ग्रॅम मिळतात. आधीच घट्ट झालं तर पाणी जास्त आटलंय, दोन चमचे पाणी घालून पुन्हा तापवा. झालंच नाही तर अजून थोडं आटवा. आटवायचं काम मोठ्यांनीच करा, कण टाकायचं मुलांना द्या, आणि नंतर तेच भांडं गरम पाण्यात ठेवून वितळवलं की पुन्हा पहिल्यापासून करता येतं, सोडा नको, व्हिनेगर नको.